आतून रंगवलेली गाडी

पावसाळ्यात आमच्या घराला दोन वास असायचे. माजघरात आढ्याला टांगलेल्या सुक्या बोंबलांचा आणि पडवीत रंगाचा. दोन्ही माझ्या इतके अंगवळणी पडले होते, की बोईसरच्या शाळेत शेजारच्या बाकावरची मुलगी नाक मुरडायची तेव्हा हिला सर्दी झालीय असंच मला वाटायचं. माझे बाबा होड्या रंगवायचे. आठ महिने गावातल्या इतरांसारखेच समुद्रावर जायचे; पण मासेमारी बंद झाली, होड्या वाळूवर ओढून झावळ्यांखाली झाकल्या, की तारापूरच्या खाडीपासून अलीकडच्या चार वाड्यांतले तांडेल आमच्या पडवीत येऊन बसायचे. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी, समुद्रावर त्याचाच शब्द चालतो. आमच्या पडवीत मात्र बाबांचा चालायचा. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा हा माणूस रंगाविषयी बोलायला लागला, की आईच्या हातातला चहा गार व्हायचा.

मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली होते. माझ्याकडे काम होतं अस्तराचं. अस्तर म्हणजे लाकडावर सगळ्यात आधी मारायचा तो फिक्कट गुलाबी हात. तो लाकडात मुरतो, भेगा भरतो, वरच्या रंगाला धरून ठेवतो आणि मग निळ्या-पिवळ्या रंगाखाली जातो तो कायमचाच. बाबा म्हणायचे, "बिनअस्तराचा रंग मंजे आंगोळ न करता नवं लुगडं नेसन्यासारं." चार बोटं रुंदीचा ब्रश, गुलाबी रंगाचा डबा आणि मी, अशी सहा पावसाळे आमची जोडी होती. माझं अस्तर चांगलं बसायचं हे मी स्वतःच सांगते, कारण तेव्हा दुसरं कुणी सांगत नव्हतं. एकसारखं, ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही. मग बाबा यायचे, वर रंग चढवायचे आणि शेवटी होडीच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, खारीच्या केसांच्या बारीक ब्रशने नाव लिहायचे. तो ब्रश ते धुऊन, तेल लावून, फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. आमच्याकडे नाळेवर बाईमाणसाचा हात लागू द्यायचे नाहीत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. अस्तर चालायचं, कारण ते झाकलं जायचं. मला नाव लिहायचं होतं. वहीच्या मागच्या पानांवर, चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने, ओल्या वाळूत काडीने मी होड्यांची नावं लिहीत बसायचे, आणि मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या त्या वर्षी तर मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आईचा स्वभाव बाबांच्या अगदी उलट. ती बोलायची, भांडायची, हसायची, आणि हे सगळं एकाच वाक्यात करायची. डोक्यावर टोपली घेऊन ती कॉलनीत मासे विकायला जायची. वीजकेंद्रात काम करणाऱ्या माणसांची ती कॉलनी आमच्या गावापासून एसटीने थोडी आणि पायी बरीच लांब होती. पावसाळ्यात टोपलीत सुका जवळा, बोंबील, खाडीची कोलंबी आणि केळीच्या सोपटाने बांधलेल्या जिवंत चिंबोऱ्या. तिचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे नायर आंटी. त्या केरळच्या. माशाचे कल्ले उघडून बघणारी बाई आईला फार आवडायची. "तिला फसवता येत नाय, मंग बोलायला मजा येते," असं ती म्हणायची. आई आमच्या बोलीत बोलायची, आंटी मल्याळम मिसळलेल्या हिंदीत, आणि दोघी पायरीवर बसून अर्धा अर्धा तास एकमेकींच्या सासवांविषयी बोलायच्या. कसं जमायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

त्या आंटींचे यजमान नायर साहेब. कामावर ते मीटर दुरुस्त करायचे आणि घरी आले की खेळायचे. हो, खेळायचेच. पन्नाशीला आलेला, जाड चष्म्याचा, पोट सुटलेला माणूस. त्यांनी आणि त्यांच्या तीन दोस्तांनी मिळून प्लायवूडच्या फळ्यांवर मोटारींची वळणावळणाची शर्यत मांडली होती. फळीत बारीक खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या, त्यांतून वीज. गाडीच्या पोटाखाली एक जीभ असते ती खाचेत बसते, आणि हातातला घोडा, म्हणजे खटका, दाबला की गाडी सुसाट निघते. स्लॉट कार म्हणतात तिला. पंधरा ऑगस्टला कॉलनीच्या हॉलमध्ये चौघांची शर्यत सगळ्यांसमोर व्हायची होती. तिघांच्या गाड्या तयार होत्या. नायर साहेबांची मोटर जोडून झाली होती, पण गाडीचं वरचं कवच, तिची काया म्हणा, रंगवायची राहिली होती. ती त्यांच्या भावाने मस्कतहून धाडली होती आणि एकच होती. एका सकाळी आई कोलंबी घेऊन गेली तर साहेब व्हरांड्यात ती काया पुढ्यात ठेवून, हातात ब्रश धरून, नुसते घामाघूम होऊन बसलेले. त्यांचे हात रंगाच्या नावाने थरथरायचे.

आईने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमी कशाला जीव टाकता? माजी पोरगी होड्यांवर नावं लिवते. ती दील रंगवून."

हे ती संध्याकाळी जेवताना आम्हाला सांगत होती. तांदळाची भाकरी, कंटोळ्यांची भाजी आणि भाजलेला बोंबील होता. बाबांचा घास हातातच राहिला.

"नावं मी लिवतो," ते म्हणाले. "ती अस्तर मारते."

"मंग आता लिवंल," आई म्हणाली. "मी शबुद देऊन आले. कॉलनीत माज्या शबुदाला किंमत हाय."

मी संधी साधली. खाली बघतच विचारलं, "बाबा, ही गाडी नीट जमली, तर यंदा गोदावरीचं नाव मी लिवू?"

गोदावरी म्हणजे काशा तांडेलाची नवी होडी. नारळी पौर्णिमेला ती पहिल्यांदा पाण्यात उतरायची होती. आई खुदकन हसली. बाबांनी बोंबलाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, पाणी प्यायले, हात पुसले.

"जमू दे आदी," ते म्हणाले.

नाही म्हणाले नव्हते. मला तेवढं पुरेसं होतं. त्या रात्री मी इतकी खूश होते की भांडी न सांगता घासली.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर कॉलनीत गेले. नायर साहेबांनी कापसात गुंडाळलेली काया दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवली. सोललेल्या कोलंबीचं साल असतं ना, तशी ती होती. आरपार दिसणारी, पातळ, वजनच नाही. खिडक्या, दारं, पुढचे दिवे, सगळे उंचवटे होते, पण रंग कसलाच नाही. साहेब हिंदीत समजावू लागले. "बेटी, इसको अंदर से पेंट करने का. बाहर एक बूंद भी नहीं. गाडी गिरेगी, घिसेगी, लेकिन कलर अंदर सेफ रहेगा. पूरा येल्लो, बीच में नीला पट्टा, और दरवाजे पे पाँच नंबर. नंबर उलटा लिखना, तभी बाहर से सीधा दिखेगा. समझी?" मी समजले म्हणाले. आणि खरंच, मला वाटत होतं की मी सगळं समजलेय. हल्ली मी कुणालाही इतक्या पटकन समजलं म्हणू देत नाही. तीस वर्षं पालघरच्या शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या वर्गात ज्याने मान डोलावली त्याला मी उभं करून परत सांगायला लावायचे. मुलं मला खाष्ट म्हणायची. त्यामागे ही गाडी आहे हे त्यांना कुठे माहीत होतं.

सहा दिवस होते. पडवीच्या ज्या कोपऱ्यात उजेड चांगला यायचा तिथे मी पाट मांडला. बाहेर थेंबही पडायला नको म्हणून कायेच्या बाहेरून भाताच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, एकावर एक, एवढीशी फट ठेवली नाही. मग ती उताणी केली आणि बाबांच्या शिस्तीने कामाला लागले. आधी अस्तर. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. जेवायच्या आधी हात धुवायचे की नाहीत असा प्रश्न कुणाला पडत नाही, तसंच ते होतं. बाबांच्याच डब्यातलं गुलाबी अस्तर, पातळ करून दोन हात. आयुष्यात इतकं सुरेख अस्तर मी मारलं नव्हतं. ते वाळल्यावर गेल्या वर्षीच्या होडीतला उरलेला पिवळा. त्यावर निळा पट्टा. आणि मग नंबर. उलटा पाच जमावा म्हणून आईचा कुंकवाचा आरसा घेऊन मी दीड दिवस पाटीवर सराव केला होता. तो इतका डौलदार आला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दाराखाली हौसेने एक छोटा मासाही काढला, त्याचंही तोंड उलट्या बाजूला. बाबा येता-जाता बघायचे. त्यांनी बघितलं की मी मान आणखी खाली घालून काम करायचे.

बारा तारखेला दुपारी मोरीत बसून मी बाहेरचा कागद पाण्याने भिजवून सोडवायला घेतला. आई शेजारी चिंबोऱ्या साफ करत होती. एक पट्टी निघाली. खाली गुलाबी. दुसरी निघाली. गुलाबी. मी भराभरा सगळा कागद ओरबाडला. छपरापासून चाकांच्या कमानीपर्यंत सगळी गाडी फिक्कट गुलाबी होती. पिवळा नाही, निळा नाही, पाच नाही, मासा नाही.

"काय एकसारका लागलाय गं!" आई म्हणाली. मग तिने मान वाकडी करून दुसरी बाजू बघितली. "पन नंबर कुटं?"

"आत," मी म्हणाले.

होडीवर जो हात शेवटी लागतो तो दिसतो. ह्या कायेत आतून जो पहिला लागतो तोच दिसतो, बाकीचे सगळे त्याच्यामागे जातात. अक्षर उलटं लिहायची अक्कल मला होती. रंगही उलट्या क्रमाने लावायचे असतात एवढं मात्र सुचलं नाही. सहा वर्षं जे मला नीट येत होतं, त्यानेच माझा घात केला होता. मी मोठ्याने रडले. आता लाज वाटत नाही सांगायला, सोळा वर्षांची घोडी मी, मोरीत बसून भोकाड पसरलं. मस्कतहून आलेली एकच काया, आईने कॉलनीत दिलेला शब्द, आणि गोदावरीचं नाव, तिन्ही त्या गुलाबी रंगाखाली गेली होती.

रडता रडताच उठले आणि पडवीतला थिनरचा डबा उघडला. सगळं धुऊन काढायचं, पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात मागून बाबांचा हात आला आणि डबा त्यांनी उचलून घेतला.

"न्हानीतला मग आटवतो?" त्यांनी विचारलं.

मला आठवला. आदल्या वर्षी मी प्लास्टिकच्या मगात थिनर ओतलं होतं, आणि त्याचा तळ मऊ होऊन गळून पडला होता. ही काया तर त्याच्याहून पातळ. बाबांनी गाडी हातात घेतली, बाहेरून बघितली, उताणी करून आतून बघितली. आतला निळा पट्टा, उलटा पाच आणि मासा ते बराच वेळ बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "हात बसलाय तुजा," आणि गाडी आईकडे दिली, जसं काही तिनेच आता बघावं.

आई वस्तू नुसती बघणारी बाई नव्हेच. आंटीला माशाचे कल्ले दाखवायची तशी तिने गाडी उजेडात धरली आणि अंगठ्याच्या नखाने आतल्या बाजूला खरवडलं. "निगतोय की," ती म्हणाली. आणि खरंच, त्या गुळगुळीत प्लास्टिकला रंगाने लाकडासारखं धरलंच नव्हतं. नखाएवढी एक रेघ सगळ्या थरांसकट सुटून आली. मी बाहेरच्या बाजूने बघितलं. गुलाबीत एक स्वच्छ, आरपार रेघ, आणि तिच्यातून आईचं नख दिसत होतं. मी रडायची थांबले. सगळा रंग खरवडून काढायचा म्हटलं तर प्लास्टिकवर ओरखडे उमटले असते आणि दिवसही पुरले नसते. पण सगळा काढायचा कशाला? गुलाबी राहू दे. पट्ट्यापुरता, नंबरापुरता, माशापुरता खरवडायचा, आणि त्या मोकळ्या जागेत मागून नवा रंग भरायचा.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा बाबा आधीच उठले होते. त्यांनी जाळं विणायची बांबूची जुनी सुई आणली, कोयतीने तिचं टोक तासलं, जिभेवर लावून धार बघितली, परत तासलं. लोखंडाने ओरखडा पडला असता, बांबूने पडत नाही. पुढचे दोन दिवस मी दरवाजात बसून खरवडत होते आणि आई माझ्यासमोर आरसा धरून बसली होती, बाहेरून कसं दिसतंय ते मला कळावं म्हणून. दोन दिवस ती मासे विकायला गेली नाही. हात अवघडला की आरसा दुसऱ्या हातात घ्यायची आणि शेजारणीच्या सुनेविषयी काहीतरी सांगायची, माझा जीव रमावा म्हणून. निळा पट्टा झाला. पाच झाला, पांढऱ्यात. माशाचा डोळा भरताना मी श्वास रोखला होता. चौदा तारखेला संध्याकाळी आम्ही तिघांनी पडवीत गाडी मधोमध ठेवली आणि बघत बसलो. सुंदर दिसत होती. पण पिवळी नव्हती.

"हाच रंग पायजे असंच सांग," आई म्हणाली. "आजकाल ह्योच चालतो म्हन. त्यांना काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी धुतलेला सदरा घातला. आई बघतच राहिली. इतक्या वर्षांत बाबा कॉलनीत कधी गेले नव्हते. "यवून बगतो," एवढंच म्हणाले. एसटीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो, मांडीवर डबा, डब्यात कापूस, कापसात गाडी. आईचं म्हणणं मी मनात घोकत होते. हॉलमध्ये पताका लावल्या होत्या, बरीच माणसं होती, आणि मधोमध लांबच लांब फळ्यांवर ती वळणं. नायर साहेब धावतच आले. डबा उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

"येल्लो बोला था ना, बेटी?"

घोकलेलं मी सोडून दिलं. "साहेब, मी चुकले," मी म्हणाले. "मी आधी अस्तर मारलं. आम्ही होडीला मारतो तसं. पिवळा आत आहे."

त्यांनी चष्मा वर केला, गाडी उताणी केली आणि आत बघितलं. आत पिवळं शेत पसरल्यासारखं होतं, त्यात पहिल्या पाचाच्या उरलेल्या कडा होत्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, ये तो मेरी गलती है! मैंने उलटा नंबर बोला, उलटा कलर बोलना भूल गया. पहले जो लगेगा वही दिखेगा, इतना भी नहीं बोला बच्ची को!" आणि आंटीला हाका मारून, त्यांना आत-बाहेर दोन्हीकडून गाडी दाखवून ते स्वतःच हसायला लागले. त्या माणसाने तेव्हा चूक स्वतःवर घेतली नसती, तर मी पुन्हा ब्रश धरला असता की नाही, देव जाणे. दुसऱ्याच्या मुलीची चूक भर सभेत आपल्या डोक्यावर घेणारी माणसं मला नंतर फार भेटली नाहीत. त्यांचे उपकार मी विसरले नाही.

शर्यतीचं काय सांगू, आमची गाडी जिंकली नाही. तिसऱ्या वळणावर खाच सोडून उडाली, फळीवरून घसरत जाऊन भिंतीला आपटली आणि लोकांनी ओरडून हॉल डोक्यावर घेतला. उचलून परत लावली तरी तिच्यावर ओरखडा नाही, रंग जशाचा तसा. शेवटी तिसरी आली. पण लाल, काळ्या आणि हिरव्या गाड्यांत ती फिक्कट गुलाबी गाडी कुठेही असली तरी लांबून दिसायची, आणि मागच्या रांगेतल्या बायकांनी सुद्धा तिचीच बाजू धरली होती. बाबा भिंतीशी उभे होते. कुणीतरी हातात दिलेला समोसा त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नाही. तिथले एक मराठी साहेब त्यांना म्हणाले, "हा कोणता शेड आहे हो? फार वेगळा आहे." बाबा जरा गोंधळले. मग म्हणाले, "अस्तर हाय. आमची पोरगी मारते. ह्यो दिसत नाय कदी."

परत येताना एसटीत आई बोईसरच्या फाट्यापर्यंत बोलत होती, आणि तिच्या सांगण्यात आमची गाडी दुसरी आली होती. गोदावरीच्या नावाचं विचारायचं धाडस मला झालं नाही. काय तोंडाने विचारणार? गाडी नीट जमली तर, असं ठरलं होतं, आणि जमली असं मी म्हणू शकत नव्हते.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा पंधरा ऑगस्टनंतर आठ-नऊ दिवसांनी आली. चार दिवस आधी उघडीप होती, म्हणून सकाळी मी माझा रुंद ब्रश आणि गुलाबी डबा घेऊन वाळूवर गेले. बाकी होडी रंगवून झाली होती. नाळेची नवी फळी तेवढी उघडी होती. बाबा आधीच येऊन बसले होते. त्यांनी माझ्या हातातला रुंद ब्रश काढून घेतला.

"अस्तर मी मारतो," ते म्हणाले.

मला कळेना. ते गुडघे टेकून बसले आणि फळीवर अस्तर मारू लागले. त्यांना सवय राहिली नव्हती. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. काशा तांडेल झावळीखाली विडी ओढत बसला होता. अस्तर वाळलं, वर बाबांनी निळा चढवला, तोही वाळू दिला. दुपार टळली. मग त्यांनी पत्र्याची पेटी उघडली, फडकं सोडलं आणि खारीच्या केसांचा ब्रश माझ्यापुढे धरला.

तांडेल उठून उभा राहिला. "अरं, पोरगी? नाळेवर?"

"खाली अस्तर माजं हाय," बाबा म्हणाले. "भ्याचं काय कारन नाय."

तांडेलाने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आई पाठीमागून कधी आली होती कोण जाणे. ती नाळेकडे बाया जिथवर येतात त्याच्या चार पावलं पुढे येऊन उभी होती, आणि चक्क गप्प होती. तांडेल विडी टाकून म्हणाला, "लिव मंग. पन नीट लिव. माज्या आयचं नाव हाय."

ती गुलाबी गाडी आज माझ्या पालघरच्या घरी, टीव्हीच्या शेजारी असते. नायर साहेबांची बदली झाली तेव्हा आंटींनी ती एका स्टीलच्या डब्यात घालून आईच्या टोपलीत ठेवली. येणारे जाणारे विचारतात आणि मी प्रत्येकाला ती उताणी करून आतला पिवळा दाखवते. आता आमच्याकडच्या होड्या फायबरच्या असतात, नावं छापून चिकटवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबा गेले, आई गेली. पुढे चित्रकलेचा कोर्स केला, नोकरी केली, कितीतरी हातांना ब्रश धरायला शिकवलं. पण मला जे काही मिळालं ते एका नखाने, एका बांबूच्या सुईने आणि त्या दुपारी वाळूवर मिळालं, असं मी मानते, आणि त्या दोघांना रोज मनातल्या मनात हात जोडते.

त्या दिवशी मी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि नाळेवर टेकवला. पहिलंच अक्षर 'गो', आणि त्याचा काना खाली येता येता जाड झाला, चांगला बोटभर. मी घाबरून बाबांकडे वळले आणि पुसायला फडकं मागितलं. त्यांच्या कोपरावर अजून गुलाबी रंग होता. त्यांनी फडकं पाठीमागे धरलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू लिवलंस ते कळंल."